लाइट गेली, यूपीएस चालू, पण फायरवॉलला पत्ताच नाही

पावसाचे पहिले चार दिवस झाले की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो. माडाचं एक चुडत तारेवर पडलं तरी अख्ख्या वाड्याची लाइट जाते, आणि ती दहा मिनिटांत येईल की दुसऱ्या दिवशी सकाळी, हे कोणीच सांगू शकत नाही. आता लहान ऑफिसांतही इंटरनेट आणि आतलं नेटवर्क यांच्यामध्ये पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स हे सॉफ्टवेअर चालवणारं एक छोटं मशीन राखणदार म्हणून, म्हणजेच फायरवॉल म्हणून, बसलेलं असतं. त्याला यूपीएस असतो, दोघांमध्ये वायरही असते. पण यूपीएसचं काम करंट देण्यापुरतंच, असं बहुतेकांना वाटतं. ते अर्धंच काम झालं. ‘लाइट गेली आहे, बॅटरी एवढीच उरली आहे, आता आवरून घे’ हा निरोप वेळेवर पोचवणं हे उरलेलं अर्धं, आणि या वेळचे सगळे प्रश्न या निरोपाचेच आहेत.

हा निरोप घेणारं सॉफ्टवेअर म्हणजे ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’, सगळे त्याला ‘नट’ म्हणतात. यूपीएसच्या तीन खुणा ध्यानात ठेवा : ओएल म्हणजे लाइट आहे, ओबी म्हणजे बॅटरीवर चाललंय, एलबी म्हणजे बॅटरी संपत आली.

प्रश्न : आमचं होमस्टे आहे. मिनी पीसीवर पीएफसेन्स, त्याला यूएसबीने यूपीएस जोडलाय. दोन-तीन दिवस बरं चालतं, मग ‘डेटा स्टेल’ असा संदेश येतो. रीस्टार्ट केलं की ठीक. मागच्या आठवड्यात तर लाइट गेल्यावर मिनिटाभरात फायरवॉल आपणहून बंद झाला. बॅटरी ९० टक्के होती! (मांद्रे, पेडणे)

तुम्ही दोन तक्रारी लिहिल्या आहेत, पण दुखणं एकच आहे.

नटमध्ये तीन जण काम करतात. ड्रायव्हर यूपीएसला विचारतो, सर्व्हर ती माहिती सांभाळतो आणि मॉनिटर निर्णय घेतो. ड्रायव्हरकडून १५ सेकंद काही ताजं आलं नाही, तर सर्व्हर आपल्याकडची माहिती शिळी ठरवतो. ‘डेटा स्टेल’ म्हणजे नेमकं हेच. आता मॉनिटरच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. शेवटची खबर ‘बॅटरीवर आहे’ अशी होती, आणि त्यानंतर यूपीएस गप्प. बॅटरी किती उरली हे कळायला मार्ग नाही. अशा वेळी तो ठरावीक मुदत वाट पाहतो, ती मूळ सेटिंगप्रमाणे १५ सेकंदांचीच असते, आणि मग वाईटात वाईट धरून मशीन बंद करायला घेतो. तो बरोबरच वागला. लाइट जाण्याचा आणि संपर्क तुटण्याचा मुहूर्त एकत्र आला, म्हणून ९० टक्के बॅटरी असूनही तुमचं इंटरनेट गेलं. बॅटरीला दोष देऊन नवी घेऊ नका.

पुढच्या वेळी संदेश आला की लगेच रीस्टार्ट करू नका, कारण त्याने पुरावा पुसला जातो. मशीनवर लॉगिन करून यूएसबी उपकरणांची यादी पाहा. पीएफसेन्स फ्रीबीएसडीवर चालतं, तिथे ‘यूएसबीकॉन्फिग’ ही आज्ञा आहे. यूपीएस यादीतून गायब झाला असेल, किंवा सिस्टिम लॉगमध्ये तो सुटल्याच्या आणि पुन्हा जोडला गेल्याच्या ओळी असतील, तर दोष वायरीत, पोर्टमध्ये किंवा यूपीएसच्या आतल्या कार्डात आहे. मांद्र्याला समुद्राची खारी हवा थेट घरात येते. यूएसबीच्या टोकाची चकाकी गेली आहे का, कुठे हिरवट डाग आहे का, हे टॉर्च लावून बघा. मशीन आणि यूपीएस दोन्ही बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि पूर्ण सुकू द्या. मध्ये हब असेल तर तो काढा. वायर दीड-दोन मीटरपेक्षा लांब नको. निळ्या पोर्टऐवजी जुन्या पद्धतीच्या यूएसबी २.० पोर्टमध्ये लावून पाहा, काही यूपीएस तिथेच शांत राहतात.

यादीत यूपीएस दिसतोय आणि तरीही ड्रायव्हर त्याला धरू शकत नसेल, तर गोष्ट वेगळी. यूपीएस यूएसबीवर स्वतःची ओळख ‘एचआयडी’ अशी देतो, म्हणजे कीबोर्ड-माउसच्या जातीचा. फ्रीबीएसडीचा स्वतःचा एचआयडी ड्रायव्हर त्याला आधीच पकडून बसतो आणि नटला जागा मिळत नाही. यावर उपाय म्हणजे ‘लोडर.कॉन्फ.लोकल’ या फाइलमध्ये तुमच्या यूपीएसचा निर्माता आणि उत्पादन क्रमांक देऊन ‘यूक्यू-एचआयडी-इग्नोर’ ही खूण लिहायची आणि मशीन एकदा रीस्टार्ट करायचं.

काही जण तुम्हाला १५ सेकंदांची मुदत २५ किंवा ३० करायला सांगतील. यूपीएस मुळातच सावकाश उत्तर देणारा असेल तर ते योग्य आहे, आणि मग मॉनिटरची मुदतही तेवढीच वाढवायला हवी. पण वायर खराब असताना ही मुदत वाढवू नका. संदेश कमी येतील, निरोप मात्र तितकाच तुटका राहील.

प्रश्न : पतसंस्थेत रॅकमध्ये मोठा यूपीएस आहे, त्याला नेटवर्क कार्ड आहे. फायरवॉल एसएनएमपीने (नेटवर्कवरून उपकरणांची माहिती विचारायच्या पद्धतीने) त्याच्याकडून माहिती घेतो. दिवसभर सगळे आकडे दिसतात. लाइट गेली की मात्र संपर्कच तुटतो. कार्ड खराब आहे का? (फोंडा)

कार्डाला हात लावण्याआधी मधला स्विच कुठे लावलाय ते बघा. यूपीएसपासून फायरवॉलपर्यंतची वाट एखाद्या लहान स्विचमधून जाते, आणि बहुधा तो टेबलामागच्या साध्या सॉकेटमध्ये लावलेला असतो. लाइट गेली की तो मरतो. यूपीएस जिवंत, फायरवॉल जिवंत, वाट मात्र बंद. हा प्रकार मी इतक्यांदा पाहिलाय की आता पाहणी करायला गेलो की आधी टेबलाखाली वाकतो. स्विचचा अॅडॅप्टर यूपीएसवर घ्या आणि दिवसाउजेडी मेन स्विच पाडून खात्री करा.

पैशाचे व्यवहार होतात तिथे आणखी एक काम आजच करा. कार्डावर ‘पब्लिक’ हा सर्वांना ठाऊक असलेला कम्युनिटी शब्द, म्हणजे एसएनएमपीचा पासवर्डच, तसाच असेल तर तो बदला, आणि कार्डात एसएनएमपीची तिसरी आवृत्ती असेल तर तीच वापरा. एसएनएमपीचं १६१ क्रमांकाचं यूडीपी पोर्ट आणि नटचं ३४९३ क्रमांकाचं टीसीपी पोर्ट ही दोन्ही ऑफिसच्या आतच राहिली पाहिजेत. बाहेरून तुमचा यूपीएस बंद करण्याची सोय कोणालाही मिळता कामा नये.

प्रश्न : यूपीएसला मागे नऊ पिनांचं सीरियल पोर्ट होतं. घरात पडलेली सीरियल वायर लावली आणि त्याच क्षणी सगळं ऑफिस काळोखात गेलं. यूपीएस जळला का? (म्हापसा)

जळलेला नाही, घाबरू नका. एपीसी कंपनीच्या स्मार्ट-यूपीएस मालिकेत ते पोर्ट दिसायला नेहमीचं असलं तरी त्याच्या पिनांची मांडणी वेगळी आहे. साधी सीरियल वायर लावली की चुकीच्या पिनेवर सिग्नल जातो आणि यूपीएसला तो ‘बंद हो’ असा हुकूम वाटतो. त्याला कंपनीचीच वायर लागते, आणि वायरीवर क्रमांक छापलेला असतो : ९४०-००२४सी. हीच गफलत चौकोनी पोर्टमध्येही होते. नेटवर्कची आठ तारांची वायर तिथे बसते, पण ते पोर्ट दहा तारांचं असतं आणि बोलणं काही होत नाही. यूपीएससोबत आलेली वायर त्याच्याच पाठीला चिकटपट्टीने बांधून ठेवा. हरवली की ती शोधत फिरावं लागतं.

प्रश्न : शाळेच्या संगणक कक्षासाठी स्वस्तातला यूपीएस घेतला, यूएसबी आहे. नटमधला यूएसबी-एचआयडी ड्रायव्हर ‘जुळणारं उपकरण नाही’ म्हणतो. एकदा दुसरा ड्रायव्हर लावून चाललं, पण बॅटरीची टक्केवारी दिसत नाही. (वाळपई, सत्तरी)

यूएसबी उपकरणांच्या यादीत ०६६५:५१६१ हा क्रमांक दिसतोय का बघा. आपल्या बाजारातल्या कितीतरी यूपीएसमध्ये हीच चिप असते, वरचं नाव काहीही असो. तिच्याशी जुन्या मेगाटेक पद्धतीच्या भाषेत बोलावं लागतं, आणि नटमध्ये त्यासाठी ‘नटडीआरव्ही-क्यूएक्स’ हा ड्रायव्हर आहे. तुम्ही दुसरा म्हणताय तो बहुधा हाच.

टक्केवारी दिसत नाही, कारण ही भाषाच तेवढी गरीब आहे. येणारा व्होल्टेज, बॅटरीचा व्होल्टेज, भार, आणि लाइट आहे की नाही, एवढंच ती सांगते. बॅटरी भरल्यावरचा आणि संपल्यावरचा व्होल्टेज तुम्ही लिहून दिलात तर नट त्यावरून टक्के काढून दाखवतं, पण तो अंदाजच राहतो. एका १२ व्होल्टच्या बॅटरीला चार्जिंगवर साधारण १३.५ आणि भाराखाली संपताना १०.५ व्होल्ट धरतात. बॅटरी जुनी झाली की हे गणित कोसळतं. चांगले १२ व्होल्ट दाखवत दाखवत ती एकदम मान टाकते, एलबीची खूण पाठवायलाही वेळ मिळत नाही.

म्हणून शाळेसाठी टक्केवारीच्या मागे लागू नका, घड्याळ लावा. बॅटरीवर जाऊन पाच मिनिटं झाली की फायरवॉलने आवरायला घ्यायचं, असं नटच्या शेड्युलरमध्ये लिहिता येतं. मध्येच लाइट आली तर मोजणी रद्द होते. पाच मिनिटं नेमकी का, तर बॅटरी किती वेळ टिकते हे एकदा सुट्टीच्या दिवशी मोजा आणि त्याच्या निम्म्याहून कमी आकडा घ्या. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत बॅटरी लवकर थकते. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना जवळपास निम्मं होत जातं. मुलांचे तास त्या मशीनवर अवलंबून आहेत, त्यामुळे नवी बॅटरी मागायला संकोच करू नका.

प्रश्न : घरी इन्व्हर्टर आणि मोठी ट्युब्युलर बॅटरी आहे. तो फायरवॉलला काही सांगू शकतो का? (डिचोली)

घरगुती इन्व्हर्टरला बहुधा डेटा पोर्टच नसतं, तेव्हा थेट नाही. पण एक साधी युक्ती आहे. एखादा जुना राउटर इन्व्हर्टरवर नसलेल्या सॉकेटमध्ये लावा, नेटवर्कला जोडा, आणि फायरवॉलला दर मिनिटाला त्याला पिंग करू द्या, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारू द्या. लागोपाठ दहा मिनिटं उत्तर नाही, म्हणजे लाइट नाही. बॅटरी किती उरली हे यातून कळत नाही, पण किती वेळ लाइट नाही हे कळतं, आणि तेवढ्यावर ठरवता येतं.

प्रश्न : मी मडगावला राहतो, बागायत आणि जुनं घर काणकोणला. तिथे कॅमेरे आणि फायरवॉल आहे. रात्री लाइट गेली, फायरवॉल नीट बंद झाला. काही मिनिटांत लाइट आली, पण मशीन उठलंच नाही. दुसऱ्या दिवशी गाडी काढून जावं लागलं. (मडगाव)

तुमचं पत्र वाचून मला वाईट वाटलं, कारण इथे निरोप अगदी बरोबर पोचला होता. शेवटचं पाऊल तेवढं चुकलं.

घडतं ते असं. एलबी आल्यावर मॉनिटर ‘आता बंदच व्हायचं’ असं जाहीर करतो, आणि मग लाइट आली तरी मागे फिरत नाही. मशीन बंद होतं. यूपीएसने त्यानंतर स्वतःचा पुरवठा तोडायला हवा आणि लाइट असेल तर थोड्या वेळाने पुन्हा द्यायला हवा, कारण करंट एकदा जाऊन आल्याशिवाय मशीनला उठायचं कळत नाही. तुमच्याकडे लाइट मधल्या काळात आली आणि यूपीएसने पुरवठा तोडलाच नाही. बंद पडलेल्या मशीनच्या दृष्टीने करंट कधी गेलाच नव्हता.

तेव्हा दोन गोष्टी तपासा. पहिली बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये. ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ हे सेटिंग ‘पॉवर ऑन’ हवं. कित्येक जण तिथे ‘लास्ट स्टेट’ निवडतात आणि फसतात. मशीन व्यवस्थित बंद झालेलं असतं, म्हणजे शेवटची अवस्था ‘बंद’, म्हणून ते बंदच राहतं. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल, सीआर२०३२, जुना असेल तर तोही बदला. तो संपला की करंट पूर्ण गेल्यावर हे सेटिंग पुसलं जातं.

दुसरी गोष्ट यूपीएसचा पुरवठा तोडण्याचा हुकूम. नटच्या एचआयडी ड्रायव्हरमध्ये तोडण्याआधीचा विलंब मुळात २० सेकंद आणि पुन्हा देण्याचा ३० सेकंद असतो. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठाच हवा. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं मशीन त्याच यूपीएसवर असेल तर त्यालाही आवरायला वेळ लागतो, मी अशा ठिकाणी ६० आणि १२० ठेवतो. काही यूपीएस सेकंद न मानता पूर्ण मिनिटंच धरतात, म्हणूनही हे आकडे सोयीचे पडतात.

आता चाचणी, आणि ही काणकोणला जाऊनच करायची आहे. यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा. मशीन बंद होऊ लागलं की लगेच प्लग परत लावा, नेमकं त्या रात्रीसारखं. यूपीएसने टक् करून पुरवठा तोडला, थोड्या वेळाने दिला आणि मशीन उठलं, तर मिटलं. लाइट परत आल्याचं पाहून यूपीएस हुकूम सोडून देत असेल, तर त्या मॉडेलकडून हे काम होणार नाही. मग फायरवॉलपुरता दुसरा यूपीएस घ्या, आणि तो घेण्याआधी दुकानदाराला हीच चाचणी तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा.