सकाळी दहाला ओपीडीत जाऊन बसा

प्रश्न : ताई, मुलीला नीटमध्ये एमबीबीएस मिळेल एवढे मार्क नाही पडले, बीडीएस, म्हणजे दातांची डॉक्टरकी, करायचं म्हणते. दोन कॉलेज दिसतायत, दोन्ही प्रायव्हेट. एक जुनं, लांब, हॉस्टेल यथातथाच. दुसरं नवीन, पहिली बॅच आत्ता थर्ड इयरला, सगळं चकाचक, घरून अर्धा तास, फीमध्ये सूट देतो म्हणतात. नातेवाईक नवीनच घ्या म्हणतात. काय करू?
— एक बाबा, मानेवाडा

उत्तर : दादा, आधी सांगा, आपल्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयाचं नाव प्रवेशाच्या ऑप्शन फॉर्ममध्ये सगळ्यात वर टाकलं ना? १९६८ पासूनचं आहे, फी फारच कमी, लागेल नाही लागेल नंतर बघू पण टाका.

आता या दोघांचं. बीडीएसची चार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, त्यातली पहिली दोन वर्षं मेणाचा दात कोरण्यात आणि फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या नकली डोक्यावर, हात बसवण्यात जातात, तिथे नवीन कॉलेज कुठेच कमी पडत नाही. खरं काम थर्ड इयरपासून, पेशंट आला की. मी पहिला दात काढला तेव्हा सर मागे उभे होते, माझं कोपर धरून म्हणाले, ओढू नकोस, आधी हाडात हलव. ते पुस्तकात वाचलंच होतं, पण हाताला त्या दिवशी कळलं. आणि आपल्या विदर्भात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, किती खातात तुम्हाला माहीतच आहे, दोन बोटंही तोंड उघडत नाही असे लोक येतात, गालाच्या आत बोट फिरवलं की कडक दोरीसारखे पट्टे लागतात, हे शंभरदा केल्याशिवाय कॅन्सरची सुरुवात डोळ्याला दिसत नाही हो.

म्हणून दोन्हीकडे कामाच्या दिवशी सकाळी दहाला जा, कोणाला न सांगता ओपीडीत दोन तास बसा. किती खुर्च्यांवर माणूस बसलाय ते मोजा. मग कॅन्टीनमध्ये सीनियर पोरांना विचारा, कोटा, म्हणजे प्रत्येकाने करायच्या ठरावीक केसेस, वेळेत पूर्ण होतो का, कवळीचे पेशंट कोण आणतं. माझी भाची जिथे शिकली तिथे पेशंटच नव्हते, ती बिचारी स्वतःच्या पैशाने ऑटो करून म्हाताऱ्या माणसांना घेऊन यायची, इतका राग यायचा मला!

नवीन कॉलेजला आधी फक्त परवानगी असते, ती दरवर्षी वाढवून घ्यावी लागते, डिग्रीला मान्यता पहिली बॅच फायनलला पोचते तेव्हा मिळते. यंदाच्या परवानगीचं पत्र दाखवा म्हणा. सूट चारही वर्षं आहे का तेही लेखी घ्या.

माझं मत जुन्याकडे आहे, ओपीडी भरलेली असेल तर. ती रिकामी दिसली आणि नवीनमध्ये गर्दी दिसली तर खुशाल नवीन घ्या. ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी जा, आणि मुलीला सोबत न्या, तिलाही बघू द्या.