इंग्लंडमधल्या बाथ शहरातलं रॉयल क्रेसेंट बघायला जातोयस तर मागूनही बघ

अरे पहिल्यांदाच जातोयस ना, मग नुसता समोरून फोटो काढून परत फिरू नकोस. ३० घरांची ती चंद्रकोरीसारखी ओळ समोरून एकसारखी दिसते, कारण धाकट्या जॉन वुड या वास्तुविशारदाने फक्त दर्शनी भाग ठरवून दिला होता, मागचं घर ज्याने त्याने आपापल्या सोयीने बांधून घेतलं, १७६७ ते १७७४ च्या दरम्यान. म्हणून मागे जाच, छपरं वरखाली, खिडक्या कुठेही, मला तर तीच बाजू जास्त आवडते! समोर ११४ आयोनिक खांब आहेत, त्यांच्या डोक्यावरची वेटोळी निवांत बघ, मधाळ रंगाचा बाथ स्टोन संध्याकाळच्या उन्हात काय सुंदर दिसतो. हिरवळीतला हा-हा म्हणजे बुटका खंदकही शोध, गुरं अडतात पण घरातून कुंपण दिसत नाही. १ नंबरच्या घरात म्युझियम आहे, त्याला वेळ ठेव.