पिशवीत दोष निघाला, म्हणून बाळ राहिलं नाही का?

‘ताई, मी ३४ वर्षांची. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा आठव्या आठवड्याच्या आतच सगळं संपलं. दुसऱ्या वेळेनंतर केलेल्या सोनोग्राफीत अ‍ॅडिनोमायोसिस निघालं. सासूबाई म्हणतात, तू धावपळ फार करतेस. नणंद म्हणते, असली पिशवी काढूनच टाकतात. नवरा काहीच बोलत नाही. माझ्याच शरीरानं बाळ घालवलं का? पुन्हा प्रयत्न करायची हिंमत होत नाही.’

सासूबाईंचं म्हणणं आधी निकालात काढू. जिने चढल्यानं, नोकरीवर गेल्यानं किंवा घरकाम केल्यानं गर्भ पडत नाही. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच गडबड असते. तशी ती असली, तर तू अंथरुणात पडून राहिली असतीस तरी काही वेगळं झालं नसतं.

आता अ‍ॅडिनोमायोसिस. गर्भाशयाच्या आतलं अस्तर पाळीत गळून पडतं. या आजारात तसंच अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरलेलं असतं. त्यामुळे भिंत जाड होते, अंगावरून जास्त जातं, कळा येतात. कित्येक जणींना मात्र काहीच जाणवत नाही. पूर्वी याचं निदान काढलेलं गर्भाशय तपासल्यावरच व्हायचं, म्हणून हा चाळिशीनंतरचा आजार मानत. आता तो सोनोग्राफीत आणि एमआरआयमध्ये तरुण मुलींतही दिसतो. नणंदेचा सल्ला त्या जुन्या काळातला आहे. मूल हवं असलेल्या बाईला पिशवी काढायला सांगणं हा उपचार नव्हेच.

गर्भपाताचा धोका वाढतो का? वाढतो. एरवी समजून आलेल्या १०० गर्भधारणांपैकी १० ते २० टिकत नाहीत. आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार, करून घेणाऱ्या बायकांच्या अभ्यासांत अ‍ॅडिनोमायोसिस असलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे दुपटीवर गेलेलं दिसलं. स्नायूंचं अवेळी आकुंचन, आतली सूज, प्रोजेस्टेरॉन या गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनला अस्तरानं नीट प्रतिसाद न देणं, अशी कारणं त्यामागे मानतात. पण दुप्पट धरूनही टिकणाऱ्याच गर्भधारणा जास्त आहेत, हे त्याच आकड्यात आहे.

मला काळजी वेगळीच वाटते. रिपोर्टवर एक नाव सापडलं की बाकीचा शोध थांबतो. तुझे दोन्ही गर्भ याच आजारामुळे गेले, हे सोनोग्राफी सांगू शकत नाही. दोनदा असं झाल्यावर थायरॉइड आणि अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (रक्तात गुठळ्या व्हायला कारण ठरणारे घटक) तपासायला हव्यात. या अँटिबॉडी सापडल्या तर १२ आठवड्यांनी चाचणी पुन्हा करतात, आणि त्यावर गरोदरपणात उपचार आहेत. गर्भाशयात पडदा आहे का, तेही थ्रीडी सोनोग्राफीत कळतं. हे झालं नसेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचार. अंगावरून जास्त जात असेल, तर हिमोग्लोबिनही बघून घे.

अ‍ॅडिनोमायोसिससाठी काही महिने हार्मोनची इंजेक्शनं देतात, पण तो मार्ग मुख्यतः आयव्हीएफच्या आधी वापरला जातो आणि तेवढे महिने दिवस राहत नाहीत. दोषाचा भाग कापून काढायची शस्त्रक्रियाही आहे. तिच्यानंतरच्या गरोदरपणात गर्भाशय फाटण्याचा धोका असतो. कुणी ती चटकन सुचवली, तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नकोस.

पुन्हा दिवस राहिले तर लगेच डॉक्टरांना कळव. हा आजार फाइलीत ठळक लिहायला सांग, कारण पुढे वेळेआधी प्रसूती होण्याची शक्यताही वाढते. पाळीच्या दुखण्यावरची गोळी त्या दिवसांत आपणहून घेऊ नकोस. थोडं रक्त दिसलं तर फोन कर. आधी गर्भपात झालेल्यांना अशा वेळी प्रोजेस्टेरॉन देतात. पोटात एका बाजूला तीव्र दुखलं, चक्कर आली किंवा भराभर रक्त जाऊ लागलं, तर मात्र थेट दवाखाना.

हिंमत होत नाही म्हणतेस, तर तपासण्या होईपर्यंत थांब. चौतिसाव्या वर्षी दोन-तीन महिन्यांनी काही बिघडत नाही. फोलिक ॲसिड तेवढं सुरू ठेव. आणि नवऱ्याच्या गप्प बसण्यावरून मी त्याला लगेच दोषी ठरवणार नाही, अनेक पुरुषांना अशा वेळी काय बोलावं हेच सुचत नाही. पण पुढच्या तपासणीला त्याला बरोबर ने. बायकोच्या धावपळीनं गर्भ पडतो का, हे त्यालाच डॉक्टरांना विचारू दे. सासूबाईंना उत्तर मग त्यानंच द्यावं.