वहीत शेरा नको, जागा लिहा

प्रश्न : मी दोन वर्षं शास्त्रीय गाणं शिकते आहे. रोजचा रियाज फोनवर रेकॉर्ड करून ऐकायचा आणि वहीत नोंद करायची, असं बाईंनी सांगितलं आहे. पण स्वतःचा आवाज ऐकवत नाही. वहीत 'आज बरं झालं नाही' यापलीकडे काही सुचत नाही. ट्यूनरचं (सुराची उंची मोजणारं) अ‍ॅप लावलं, तर ते गंधार, म्हणजे 'ग', रोज थोडा उतरलेला दाखवतं. हे सगळं चालू ठेवू का?
– एक वाचक

उत्तर : ठेवा, पण पद्धत बदला.

आवाजाचं आधी उरकते. गाताना आपला आवाज आपल्याला हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडं त्यातला खालचा, भरदार भाग जास्त पोचवतात. रेकॉर्डिंगमध्ये ती भर नसते, म्हणून तो पातळ आणि परका वाटतो. इतरांना मात्र तुम्ही पहिल्यापासून साधारण तशाच ऐकू येता. ऐकत राहिलात की कान सरावतो.

आता वही. 'बरं झालं नाही' या शेऱ्यावर उद्या काय करणार? माझीही जुनी वही असल्याच शेऱ्यांनी भरली होती. 'सूर लागला नाही', 'आवाज बसला', एका पानावर तर नुसतंच 'छे!'. मग एकदा यमन रागातल्या विलंबिताचं, म्हणजे संथ लयीतल्या गाण्याचं, 12 मिनिटांचं रेकॉर्डिंग ऐकताना पेन्सिल घेऊन बसले आणि जिथे खटकलं तिथली फक्त वेळ लिहीत गेले. सात जागा निघाल्या. त्यातल्या पाच ओळीच्या शेवटी! सूर लागताना ठीक लागत होता, सोडताना खाली ओघळत होता. कारण श्वास संपत आलेला असायचा आणि तरी मी ओळ ओढत राहायचे. इतके दिवस 'सूर लागत नाही' म्हणून खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा, रियाज वाढवत होते, त्या बिचाऱ्या खर्जाचा काही संबंधच नव्हता. पुढचे तीन आठवडे एवढंच केलं : छातीत थोडा श्वास शिल्लक असतानाच ओळ सोडायची.

तुम्हीही अख्खा रियाज रेकॉर्ड करू नका, पाच मिनिटं पुरेत. लगेच ऐकूही नका. गाऊन उठल्या उठल्या कान मनातलंच गाणं ऐकतो. दुसऱ्या दिवशी बसण्याआधी ऐका, एकदा नुसत्या सुरासाठी, एकदा नुसत्या लयीसाठी. एखादी जागा छान लागली असेल, तर तिचीही वेळ लिहा. त्या वेळी तोंड किती उघडं होतं, श्वास कुठे घेतला होता, हे ऐकताना आठवतं आणि ते पुन्हा करून बघता येतं.

गंधाराबद्दल अ‍ॅपवर फार विसंबू नका. ते सप्तकाचे बारा सारखे भाग करतं, प्रत्येक भाग 100 सेंटचा (सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप). षड्जाशी, म्हणजे 'सा'शी, कंपनांच्या 5:4 या नात्याने जुळणारा शुद्ध गंधार अ‍ॅपच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट खाली येतो. म्हणजे तुम्ही नेमका लावाल तेव्हाच अ‍ॅप 'उतरला' म्हणेल! तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या (खालच्या 'सा'च्या) तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, त्यात तुमचा मिसळतो का ते बघा. काटा 30-40 सेंट खाली गेला तर मात्र खरंच उतरलाय.

महिन्यातून एकदा या जागा बाईंना ऐकवा. शिष्यांच्या वह्या बघताना मला नेहमी दिसतं, की त्यांना खटकलेल्या कितीतरी जागा मला खटकत नाहीत, आणि मला खटकणारी लयीतली घाई कुणाच्याच वहीत नसते. समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधीच्या दोन मात्रांत तुम्हीही धावत असाल, आज आधी तेवढंच ऐका.