अळंबी, मावशी आणि चांदीचं नाणं

प्रश्न : आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी मुळशीकडच्या आहेत. परवा गावाहून पिशवीभर अळंबी घेऊन आल्या, म्हणाल्या वारुळावरची आहे, बिनधास्त खा. सासूबाई म्हणतात शिजवताना चांदीचं नाणं टाक, काळं पडलं तर विषारी. मी अजून फ्रिजमध्येच ठेवलीये. खाऊ का? (धायरी)

उत्तर : ताई, आधी ते नाणं परत डबीत ठेवा. चांदी काळी पडते ती गंधकामुळे, अंड्यात चमचा राहिला तरी पडते, आणि भूछत्रातलं सगळ्यात वाईट जे विष, अमाटॉक्सिन, त्याचं चांदीशी काही देणंघेणं नाही. लसूण टाकून बघा, हळद लावून बघा, किड्यांनी खाल्लंय म्हणजे आपल्यालाही चालेल, हे सगळं त्याच खात्यातलं. गोगलगायी विषारी भूछत्रं आरामात खातात. खदखदून उकळलं की विष जातं म्हणतात तेही नाही, अमाटॉक्सिन उकळून जात नाही, वाळवून जात नाही आणि फ्रीझरमध्ये ठेवूनही जात नाही.

आता मावशींचं बघू, कारण त्यांना जे कळतं ते खरंच कळतं. त्या नाणं टाकत नाहीत, जागा बघतात. वारुळावरची अळंबी म्हणजे टर्मिटोमायसिस, विदर्भात हिलाच सात्या म्हणतात. वाळवी वारुळाच्या आत पालापाचोळा, लाकूड चावून त्याचं स्पंजासारखं पोळं बनवते आणि त्यावर ही बुरशी चक्क पिकवते, स्वतःच्या खाण्यासाठी. पाऊस लागला की त्याच बुरशीच्या छत्र्या मातीतून वर येतात. वाळवीशिवाय ती धंद्यासारखी पिकवता येत नाही, म्हणून मॉलमध्ये बटण आणि धिंगरी मिळते पण ही मिळत नाही. आणि म्हणूनच ती बरेचदा वर्षानुवर्षं त्याच त्या वारुळावर उगवते, गावात ज्याची त्याची वारुळं ठरलेली असतात आणि ती जागा कोणी शेजाऱ्याला सांगत नाही. उपटली तर देठ खाली लांब मुळासारखा निमुळता होत वारुळाकडे गेलेला दिसतो, टोपीच्या मध्यावर टोक असतं. मावशींना त्यांच्या आईने दाखवलेली असतील ती हीच चार-दोन ठिकाणं, तिथल्यापुरता त्यांचा शब्द माझ्यापेक्षा पक्का.

पण तिथल्यापुरताच हं. आग्नेय आशियातून कॅलिफोर्नियात गेलेल्या लोकांनी ही तर आपली गावाकडची पेंढ्यावरची अळंबी असं समजून तिथली अमॅनिटा, म्हणजे अमाटॉक्सिन असलेली विषारी भूछत्रं, खाल्ल्याच्या केसेस झाल्यात. अडाणी नव्हते ते, उलट जाणकार होते, फक्त जंगल बदललं होतं. तेव्हा मावशींना विचारा की स्वतः काढली की वाटेत कोणाकडून घेतली, त्याच जागेची आधी खाल्लीये का, आणि मुळासकट आणलीये का. अमॅनिटाची मोठी खूण म्हणजे देठाच्या बुडाशी मातीत लपलेली वाटी, वरून कापून आणली की पुरावा रानातच राहतो.

अर्थात परवापासून फ्रिजमध्ये आहे म्हणताय तर आता टाकूनच द्या, ही त्याच दिवशी खायची वस्तू आहे. पुढच्या वेळी मावशींनाच करायला सांगा आणि त्यांनाही ताटावर बसवा.

आणि कधी कोणी चुकून खाल्लंच तर एक लक्षात ठेवा, तास-दोन तासांत उलटी झाली तर घाबरायचं, पण सहा-आठ-बारा तासांनी उलट्या-जुलाब सुरू झाले तर जास्त घाबरायचं. अमाटॉक्सिन उशिरा उठतं, मग दुसऱ्या दिवशी माणसाला बरं वाटतं, घरचे निर्धास्त होतात आणि आत लिव्हर जात असतं. कसलीही लक्षणं नसली तरी लगेच हॉस्पिटल गाठा, उरलेलं भूछत्र कागदात गुंडाळून सोबत न्या, प्लास्टिकमध्ये त्याचा चिखल होतो.

प्रश्न : बाळ सात महिन्यांचं, तोंड आलंय. आजी फणसाळंबं उगाळून लावायला सांगतात. हे नेमकं काय? (कोथरूड)

उत्तर : फणसाच्या जुन्या खोडावर येणारी लाकडासारखी कडक बुरशी, फेलिनस कुळातली, काही जण फणसांबा म्हणतात. तोंड येणं, लाळ फार गळणं, जखमेतून रक्त थांबत नसेल तर, असे तिचे वापर आपल्या पश्चिम महाराष्ट्रात जुने आहेत, तज्ज्ञांनी त्याची नोंदही केलीये, आजींच्या मनाचं नाही ते. पण बाळाच्या तोंडातले पांढरे डाग बरेचदा कँडिडाचे असतात, म्हणजे तीही बुरशीच, आणि त्यावर डॉक्टरांकडे साधे थेंब मिळतात. शिवाय दुकानातून आणलेला तुकडा खरंच फणसावरचा आहे की कुठल्याही झाडावरचा, हे तुम्हाला कळणार नाही आणि खरं सांगायचं तर दुकानदारालाही नाही. सहाण, पाणी, हात, सगळं स्वच्छ हवं ते वेगळंच. मी असतो तर आधी डॉक्टर.

प्रश्न : आई म्हणते अळंबी आपल्यात चालत नाही, शास्त्रात मना आहे. खरंच आहे का? (सदाशिव पेठ)

उत्तर : आहे. मनुस्मृतीत लसूण-कांद्याच्या पंगतीत भूछत्रंही बसवलीत. पण सुश्रुतसंहितेत भाज्यांमध्ये त्यांचा विचार केलाय, पेंढ्यावरची, उसावरची, शेणावरची, बांबूवरची, जमिनीतली असे प्रकारही केलेत. आईला दोन्ही सांगा, कांदा चालत असेल तर वाद घालायला वाव आहे.

प्रश्न : सोसायटीच्या लॉनवर पावसानंतर मोठाल्या पांढऱ्या छत्र्या आल्यात, अगदी हॉटेलातल्यासारख्या. (बाणेर)

उत्तर : लॉनवरचं मोठं पांढरं छत्र म्हटलं की मला आधी क्लोरोफिलम या विषारी भूछत्राची शंका येते. टोपी कापून काळ्या कागदावर रात्रभर पालथी ठेवा, खाली हिरवट भुकटी पडली तर नक्कीच तेच, उलट्यांनी माणूस बेजार होतो. भुकटी पांढरी पडली तरी खायची नाहीच, अमॅनिटाची पांढरीच असते. ग्रुपवर फोटो टाकून विचारू नका, चार जण चार नावं सांगतील. आणि माळीकाकांना सांगून सकाळीच काढून टाका, खाली लहान मुलं आणि कुत्री फिरतात.