तीन लेन्स, एक लाख वीस हजार आणि जूनमधली फी

प्रश्न थोडक्यात असा. वाचक ३३ वर्षांचे, चाकणच्या कारखान्यात क्वालिटी विभागात, राहायला चिंचवडला. हातात येणारा पगार ५८,००० रुपये. घरकर्जाचा १९,५०० चा हप्ता धरून महिन्याचा खर्च ४२,०००, एसआयपी ८,०००. मुदत ठेवीत ८०,००० आहेत, बाकी शिल्लक नाही. बोनस आणि संपलेली आरडी मिळून आता १,२०,००० हाती आलेत. त्यांच्याकडे सोनीचा ए६४०० कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १६-५० ची किट लेन्स आहे. (१६-५० सारखे आकडे म्हणजे लेन्सची मिलिमीटरमधली फोकल लेंथ: आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं. एफ/ पुढचा आकडा लहान तितका उजेड जास्त आत येतो.) किल्ले, घरचे कार्यक्रम आणि भिगवणचे पक्षी हे तीन नाद. त्यासाठी तीन लेन्स घ्यायच्यात: टॅमरॉन १७-७० एफ/२.८ त्यांना ६२,००० सांगितली आहे, सिग्मा ५६ एफ/१.४ ३८,००० आणि सोनी ७०-३५० ७८,०००. बेरीज १,७८,०००. कमी पडणारे ५८,००० क्रेडिट कार्डावर बारा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यांनी भरायचा विचार आहे. गेल्या वर्षी एका बारशाचे ४,००० आणि एका साखरपुड्याचे ६,००० मिळाले, म्हणून शनिवार-रविवारी कामं घेतली की लेन्सचे पैसे सुटतील असं त्यांना वाटतं. त्यांच्या पत्नीचं म्हणणं, मुलगी चार वर्षांची आहे, जूनमध्ये शाळेची ४५,००० फी भरायची आहे, ते आधी बघा.

नमस्कार,

वहिनींचं म्हणणं बरोबर आहे आणि तुमची इच्छाही रास्त आहे. एक लेन्स घ्या, आत्ताच घ्या. तीन नको, आणि हप्त्यावर तर एकही नको.

आधी हप्त्याचं बघू. खर्च आणि एसआयपी जाऊन तुमच्याकडे महिन्याला ८,००० उरतात. ५८,००० चे बारा हप्ते म्हणजे महिन्याला ४,८३३, म्हणजे उरलेल्यातले निम्म्याहून जास्त वर्षभर बांधले गेले. ‘नो कॉस्ट’ योजनेत व्याज नसतं असं नाही. बँक व्याज लावतेच, तेवढी रक्कम विक्रेता किंवा कंपनी किमतीत सूट म्हणून आधी कापून देते. वर्षाला १५ टक्के दर धरला तर या हप्त्यांत साधारण ४,४५० रुपये व्याज दडलेलं असतं. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ८०० रुपये, तो मात्र तुमच्या खिशातून, आणि वर बँकेचं प्रक्रिया शुल्क. ही रक्कम फार मोठी नाही. पण दुकानदाराला एकदा सरळ विचारा, ‘एकरकमी दिले तर किती कमी कराल?’ पुष्कळदा जी सूट हप्तेवाल्याला मिळते ती, किंवा तिचा काही भाग, रोख घेणाऱ्यालाही मिळते. मिळाली, तर ‘नो कॉस्ट’ची किंमत ८०० नसून पाच हजारांच्या वर आहे. आणि एखाद्या महिन्यात कार्डाचं बिल पूर्ण भरता आलं नाही, तर थकीत रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी व्याज सुरू होतं. ८०,००० एवढीच गंगाजळी असलेल्या घराने हा धोका लेन्ससाठी घेऊ नये.

आता कमाईचा मुद्दा. वर्षाला १०,००० ही तुमची खरी, मिळालेली कमाई आहे. महिन्याला दहा हजार ही अजून कल्पना आहे. हिशेब नेहमी मिळालेल्या पैशावर करावा. पेट्रोल, जाण्यायेण्याचा वेळ, रात्री जागून केलेलं एडिटिंग हे काही न धरताही १,७८,००० फिटायला सध्याच्या वेगाने १८ वर्षं लागतील. म्हणून या लेन्स धंद्याची गुंतवणूक म्हणून मांडू नका, छंदाचा खर्च म्हणून मांडा. यात कमीपणा काही नाही. छंदासाठी पैसे बाजूला काढणं हा घरखर्चाचाच एक भाग आहे, आणि माझ्या मते तो असायलाच हवा. फक्त छंदाच्या खर्चाला उत्पन्नाचं नाव दिलं की माणूस स्वतःला कितीही रक्कम मंजूर करत सुटतो. जे मिळतील ते पैसे मात्र विवरणपत्रात व्यवसायाचं उत्पन्न म्हणून दाखवावे लागतात. त्यासाठी पगारदारांचा साधा ‘सहज’ फॉर्म चालत नाही, हे तुमच्या सीएंना आधीच सांगून ठेवा. आणि जीएसटी नोंदणी नसल्यामुळे नव्या लेन्सच्या किमतीतला १८ टक्के कर तुम्हाला परत मिळत नाही. पुढे लेन्स विकाल तेव्हा घेणाराही तो मोजणार नाही. नव्या लेन्सचा भाव पहिल्याच विक्रीत पडतो, त्याचं हे एक मोठं कारण.

मग कोणती लेन्स? इथे मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण पैसे इथेच वाचणार आहेत.

टॅमरॉन १७-७० ही उत्तम लेन्स आहे, पण ती तुमच्या किट लेन्सची जागा घेणार. किट लेन्सची उणीव तुम्हाला कुठे जाणवते? राजगडाच्या बालेकिल्ल्यावर सकाळी आठ वाजता एफ/८ वर काढलेल्या फोटोत ती फारशी दिसत नाही. तिथे उजेड भरपूर असतो आणि सगळं दूरवर असतं. शिवाय टॅमरॉन ५२५ ग्रॅमची, तुमचा कॅमेराच ४०३ ग्रॅमचा. छोटा कॅमेरा घेतला तो पाठीवर ओझं नको म्हणून, आणि त्याला त्याच्याहून जड लेन्स लावून गड चढायचा, हे मला पटत नाही. एकच झूम हवी असेल तर सिग्माची १८-५० एफ/२.८ जेमतेम २९० ग्रॅमची आहे. तिच्यात हात हलण्यावरचं स्टॅबिलायझेशन नाही आणि ए६४०० च्या बॉडीतही ते नाही. हातात धरून व्हिडिओ काढणाऱ्याला हे जाणवेल. तुम्ही व्हिडिओचा उल्लेखही केलेला नाही.

किट लेन्स खरी उघडी पडते ती घरात, संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली. ५० वर झूम केलं की ती एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. पळत्या मुलीसाठी १/१२५ सेकंद शटर ठेवलं तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची पातळी, १२,८०० च्या घरात जातो आणि फोटो रवाळ होतो. एफ/१.४ ची लेन्स सोळापट उजेड आत घेते. त्याच खोलीत, त्याच शटरला आयएसओ ८०० वर काम होतं. टॅमरॉनच्या एफ/२.८ ने चौपटच मिळतो, म्हणजे ३,२००. आणि स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करतं, मुलीला नाही. म्हणजे जिथे तुमची अडचण आहे तिथे ६२,००० ची लेन्स ३८,००० च्या लेन्सपेक्षा कमी कामाची आहे.

तरीही ५६ घ्यायच्या आधी थांबा. ए६४०० च्या लहान सेन्सरवर ५६ म्हणजे फुलफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या, हिशेबाने ८४. चेहऱ्यासाठी सुरेख, पण फ्लॅटच्या हॉलमध्ये पाळण्याभोवती जमलेल्या बायका एका फ्रेममध्ये घ्यायच्या तर तुम्हाला भिंतीतून मागे जावं लागेल. सिग्माचीच ३० एफ/१.४ आहे, फुलफ्रेमच्या हिशेबाने ४५, उजेडाला तितकीच उदार आणि भावाला ५६ पेक्षा सहसा कमी. घरातल्या घरात फिरणाऱ्या मुलीसाठी माझं मत ३० च्या बाजूने आहे.

माझ्या मतावर जाऊ नका, तुमच्या फोटोंना विचारा. गेल्या वर्षभरात तुम्ही प्रिंट केलेले, नातेवाइकांना पाठवलेले, स्वतःला आवडलेले असे चाळीस फोटो बाजूला काढा. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ नोंदलेली असते, ती कागदावर उतरवा. नंतर एक आठवडा किट लेन्स ३० वर ठेवून घरात फोटो काढा, पुढचा आठवडा ५० वर. एवढं लक्षात ठेवा की ही पॉवर झूम, म्हणजे मोटरवर चालणारी झूम आहे, कॅमेरा बंद करून चालू केला की ती परत १६ वर जाते, दरवेळी लावून घ्यावी लागेल. पंधरा दिवसांत तुमचे पाय तुम्हाला सांगतील की पुढे सरकावंसं वाटतं की मागे. आणि बारसं जर पांढऱ्या छताच्या खोलीत असेल, तर काही हजारांचा साधा फ्लॅश छताकडे तोंड करून मारला की किट लेन्सनेही चांगलं काम होतं. मांडवात हे चालत नाही, तिथे उजेड परतवायला छतच नसतं.

७०-३५० बद्दल. भिगवणजवळ उजनी धरणाच्या पाण्यावर रोहित पक्षी पाहिले की ही लेन्स हवीशी वाटणारच. २०० च्या आसपासची लेन्स तिथे तोकडी पडते, त्यामुळे तुमची निवड चुकलेली नाही. पण भिगवणचा हंगाम हिवाळ्याचा, फार तर मार्चपर्यंत. वर्षातून किती दिवस जाणार? मी असा हिशेब मांडतो. ७८,००० ला घेतली, तीन वर्षांनी ५५,००० ला विकली असं समजू. २३,००० घट झाली. तेच ७८,००० सात टक्क्यांनी ठेवले असते तर तीन वर्षांत साधारण १७,५०० व्याज आलं असतं, त्यावरचा कर मी सोडून देतो. म्हणजे तीन वर्षं ती लेन्स बाळगण्याची किंमत ४०,५०० च्या आसपास. भाडं दिवसाला १,००० धरलं तर वर्षाला चार दिवसांचे तीन वर्षांत १२,००० होतात. वर्षाला तेरा-चौदा दिवसांपेक्षा जास्त वापर असेल तरच विकत घेणं परवडतं. हे आकडे गृहीत धरलेले आहेत. पुण्यात भाड्याने देणाऱ्या दोन-तीन ठिकाणी दर आणि अनामत विचारा आणि तुमचे आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करा. एक हंगाम भाड्याने वापरलीत की ६२५ ग्रॅमची लेन्स पहाटेपासून होडीत बसून हातात धरणं तुम्हाला आवडतं का, तेही कळेल.

पुढे फुलफ्रेम कॅमेरा घेतला तर या लेन्स वाया जातील का, असंही तुम्ही विचारलं आहे. वाया जात नाहीत, पण त्या लहान सेन्सरसाठी बनवलेल्या असल्याने २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम बॉडीवर चित्र कापलं जाऊन दहा मेगापिक्सेलच्या आसपास उरतं. त्या भीतीने आजच फुलफ्रेमच्या महाग आणि जड लेन्स घेऊ नका. घेईन की नाही हेच नक्की नसलेल्या कॅमेऱ्याची किंमत आज कशाला भरायची? विकायची वेळ आली तर तुमची बाजू भक्कम आहे. सोनीचा ई माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला लेन्स जोडायची रचना, २०१० पासून चालू आहे, सिग्मा-टॅमरॉनसारखे त्यासाठी लेन्स बनवतात, त्यामुळे गिऱ्हाईक मिळतं. निकॉन १ ची मालिका २०१८ मध्ये बंद झाली, कॅननच्या ईएफ-एम ची २०२३ मध्ये. त्या माउंटच्या लेन्स बाळगणाऱ्यांना आज घेणारा शोधावा लागतो.

पैशांची वाटणी मी अशी करीन. ४५,००० जूनच्या फीसाठी आजच वेगळे, छोट्या मुदतीच्या ठेवीत. ४०,००० आपत्कालीन निधीत, म्हणजे तो १,२०,००० होईल, जवळजवळ तीन महिन्यांच्या खर्चाएवढा. तुमच्या घरात कमावणारे तुम्ही एकटेच असाल तर तो सहा महिन्यांवर न्यायला हवा, पण एका दमात नाही. उरलेले ३५,००० लेन्सचे. हप्त्याला जे ४,८०० गेले असते, त्याची आरडी सुरू करा. वर्षाने ५७,००० च्या वर जमतील. त्यातले निम्मे निधीला, निम्मे तुमच्या पुढच्या लेन्सला.

फी आणि निधी पूर्ण होईपर्यंत लेन्स थांबवा, असं मी सांगत नाही. मुलगी आज चार वर्षांची आहे. निधी सहा महिन्यांवर नेणं आठ-दहा महिने मागेपुढे झालं तर तो भरून काढता येतो, तिचं हे वर्ष भरून काढता येत नाही. ३५,००० चा हा खर्च मला म्हणून योग्य वाटतो.

३५,००० त बसवण्यासाठी वापरलेली लेन्सही बघा. बॉडीपेक्षा लेन्स भाव जास्त टिकवते, त्यामुळे चांगली वापरलेली लेन्स घेतली तर पुढे विकताना तोटा कमी होतो. मुंबईला जाणं होत असेल तर फोर्टातल्या बोरा बाजारात चक्कर मारा. स्वतःचा कॅमेरा घेऊन जा. लेन्सच्या मागून टॉर्च मारून पुढच्या काचेतून आत पाहा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या तारा दिसल्या तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी सोडा. विटांच्या भिंतीचा एफ/१.४ वर समोरून फोटो काढा, चारही कोपरे सारखे आले पाहिजेत, एकच कोपरा पुसट असेल तर आतली काच सरकलेली असू शकते. बिल मागा. नवी लेन्स बिलाशिवाय, भारतातल्या हमीशिवाय कमी भावात देऊ केली तर ती घेऊ नका, दुरुस्तीची वेळ आली की वाचलेले पैसे त्यातच जातात. आणि पावसाळ्यात ती कॅमेऱ्याच्या बंद बॅगेत कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल, एवढ्यावर भागतं. जेलचा रंग बदलला की तापवून कोरडं करून परत वापरायचं.

चाळीस फोटोंचे आकडे मला कळवा. त्यातले बहुतेक १६ ते २४ मध्ये निघाले, तर ३० सुद्धा घाईने घेऊ नका, सिग्माच्या १६ एफ/१.४ चा भाव काढून ठेवा आणि मग बोलू.