मेडिकल कॉलेजातल्या सीएमईंना जाऊन खरंच काही पदरात पडतं का, की नुसते पॉइंट?

तुम्ही विचारलंय की एमबीबीएस होऊन कुहीला दवाखाना टाकून दोन वर्षं झाली, नागपुरातल्या सीएमई (डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाचे कार्यक्रम) आणि सेमिनारचे मेसेज रोज येतात, तर रविवारी शटर पाडून जाण्यात काही अर्थ आहे का. मी तुमच्या शेजारच्याच तालुक्यात, भिवापूरकडे, एकोणीस वर्षांपासून जनरल प्रॅक्टिस करतो. शिकलो मेडिकललाच. (नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे ‘मेडिकल’ म्हणजे १९४७ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि ‘मेयो’ म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. कागदावरची नावं कागदावरच राहतात.) या वर्षांत मी भरपूर सीएमई केल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त वाया गेल्या असं आज म्हणेन. उरलेल्यांनी मात्र माझा दवाखाना बदलला.

आधी पॉइंटचं संपवून टाकू. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि त्यासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट, म्हणजेच पॉइंट, लागतात. हे काही कौन्सिलचं खूळ नाही. पाच वर्षांत किमान ३० तासांचं शिक्षण घ्यावं, हे डॉक्टरांसाठीच्या भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतच लिहिलेलं आहे. हिशेब केला तर वर्षाला सहा होतात, म्हणजे दोन-तीन रविवार. पण आपली जमात पहिली चार वर्षं झोपते आणि पाचव्या वर्षी विषय न बघता मिळेल त्या हॉलमध्ये जाऊन बसते. मी स्वतः एकदा असा बसलोय. वंध्यत्वावरची पूर्ण दिवसाची कार्यशाळा होती. माझ्या दवाखान्यात सोनोग्राफी तर सोडाच, तेव्हा धड इन्व्हर्टरही नव्हता. तेव्हा पॉइंटसाठी जायची वेळच येऊ देऊ नका. जाल तिथे रजिस्ट्रेशन नंबर नीट लिहा, कौन्सिलचा निरीक्षक हजेरी घेईपर्यंत थांबा, सर्टिफिकेटचा फोटो काढून ठेवा. बस, एवढंच.

आता वाया गेलेल्यांबद्दल. वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात मधुमेहावर सीएमई होती. दहाची वेळ होती, दीपप्रज्वलन अकरा वाजून दहा मिनिटांनी झालं. शाल, श्रीफळ, मान्यवरांची मनोगतं. मग मोठे वक्ते आले. स्लाइडी नव्वदच्या घरात, आणि दर चौथ्या स्लाइडवर एकाच गोळीचं कौतुक. गोळीची किंमत ऐकली तर माझ्या पेशंटची दोन दिवसांची मजुरी. प्रश्नोत्तराला वेळ उरला नाही, कारण जेवण तयार होतं. जेवण उत्तम होतं, हे कबूल करतो.

डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटवस्तू आणि प्रवासखर्च घेऊ नये, हा नियम त्याच आचारसंहितेच्या २००९ च्या दुरुस्तीपासून आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने औषध कंपन्यांसाठी विपणनाची नवी संहिता आणली. त्यात डॉक्टरच्या प्रवासाचा आणि हॉटेलचा खर्च करायला मनाई आहे, वक्ता म्हणून बोलावलेल्यांपुरती सूट आहे. प्रायोजक असला म्हणजे कार्यक्रम वाईटच, असं नाही. माझी साधी फूटपट्टी आहे. पत्रिकेवर विषयाच्या जागी आजार किंवा लक्षण असेल तर जातो, औषधाच्या गटाचं नाव असेल तर घरी बसतो.

तुम्हाला खरं सांगायचंय ते पुढचं.

एका जूनमध्ये, पाऊस तोंडावर असताना, मेडिकलच्या एका लेक्चर हॉलमध्ये सर्पदंशावर अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम होता. आम्ही खेड्यातले चाळीसेक डॉक्टर, मागच्या बाकांवर इंटर्न. एसी नव्हता, पंखे खडखड करत होते. मेडिसिनचे सर बोलायला उठले, पण त्यांनी प्रोजेक्टर लावायला सांगितलाच नाही. एका रेसिडेंटला बाही वर करायला लावून त्याचं रक्त काढलं आणि तीन ट्यूबमध्ये दोन-दोन मिली टाकलं. एक काचेची, कोरी करकरीत. दुसरी काचेचीच, पण वॉशिंग पावडरने धुतलेली. तिसरी प्लॅस्टिकची. तिन्ही स्टँडमध्ये ठेवल्या आणि म्हणाले, “वीस मिनिटं कोणी हात लावायचा नाही. हलवलं तर टेस्ट गेली.” मग गप्पा मारल्यासारखं बोलत राहिले. सगळ्यांचे डोळे मात्र ट्यूबवर.

वीस मिनिटांनी त्यांनी एकेक ट्यूब एकदाच आडवी केली. कोऱ्या काचेतलं रक्त जागच्या जागी, घट्ट दह्यासारखं. पावडरने धुतलेलीतलं अर्धवट. प्लॅस्टिकमधलं ओघळून काठाला आलं. सर म्हणाले, “सांगा, यातल्या कोणाला घोणस चावली?”

हॉलमध्ये कोणी बोलेना. घोणसचं विष रक्त गोठू देत नाही, म्हणून तर ही टेस्ट करायची; पण इथे तिन्ही ट्यूबमध्ये एकाच धडधाकट माणसाचं रक्त. रक्त गोठण्याची साखळी काचेच्या स्पर्शाने सुरू होते, प्लॅस्टिकने तशी होत नाही, आणि साबणाचा अंश राहिला की काचही बिघडते. हे सेकंड इयरला वाचलं होतं. पण माझ्या दवाखान्यात काय होतं? प्लॅस्टिकच्या ट्यूबा. आणि चार काचेच्या, ज्या माझा कंपाउंडर रोज इमानेइतबारे पावडरने घासायचा. म्हणजे ‘रक्त गोठत नाही, घोणसच आहे’ असं चिठ्ठीवर लिहून मी ज्यांना घाईघाईने नागपूरला पाठवलं, त्यातले किती जण खरंच विषबाधेचे होते, देव जाणे. दुसऱ्याच दिवशी सीताबर्डीवरून काचेच्या ट्यूबचा डबा आणवला. एक ट्यूब एकदाच वापरायची आणि फेकायची. आजही तसंच चालतं.

त्याच दुपारी दुसरी एक गोष्ट झाली. ती सांगताना मला अजून अवघड वाटतं.

आदल्या पावसाळ्यात एक आजी सकाळी सात वाजता नऊ-दहा वर्षांच्या नातवाला घेऊन आली होती. “डॉक्टरसायब, पोट्ट्याचं पोट दुखून राह्यलं पहाटेपासून.” पोट मऊ होतं, ताप नाही, उलटी एक. मी विचारलं, काही खाल्लं का, काही चावलं का? “नाही ना जी. रातभर माह्या बाजूले खालीच झोपला होता.” मी अॅसिडिटीचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. अकराच्या सुमारास ती परत आली. पोराच्या पापण्या उतरल्या होत्या, शब्द नाकातून येत होते, थुंकी गिळता येत नव्हती. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. होती ती औषधं दिली, ॲम्ब्युबॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) घेऊन त्याच्याबरोबर गाडीत बसलो, उमरेड रोडने मेडिकल गाठलं. पोरगं बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होतं. वाचलं.

त्या कार्यक्रमात सरांनी मण्यारचा विषय काढला तो असा: “पावसाळा, जमिनीवर झोपलेला पेशंट, पहाटे पोटदुखी. चाव्याची खूण शोधू नका, मिळणार नाही. पापण्या बघा.” त्या आजीच्या नातवाचीच केस कोणीतरी वाचून दाखवतंय असं वाटलं. मण्यारचे दात बारीक, दंश दुखत नाही, झोपेतला माणूस उठतही नाही. रक्त नीट गोठतं, म्हणून ट्यूबची टेस्ट नॉर्मल येते आणि आपण आणखी फसतो. विष नसांच्या टोकांवर एकदा बसलं की नंतर सर्पविषरोधक लस ओतून फारसा उपयोग नाही, त्यामुळे ती लवकर द्यायची. निओस्टिग्मिन या इंजेक्शनचा नागाच्या दंशात दिसतो तसा परिणाम मण्यारमध्ये भरवशाने दिसत नाही. शेवटी पेशंटला तारतो तो श्वास, नळीने द्या नाहीतर बॅगने. मुलाला लसीचा डोस मोठ्यांएवढाच, कारण साप समोरच्याचं वजन करून विष सोडत नाही. हे शेवटचं वाक्य सरांचंच, मी तेव्हापासून सगळ्यांना ऐकवतो.

मी उठून ती केस सगळ्यांसमोर सांगितली. चुकीसकट. कोणी हसलं नाही. चहाच्या वेळी दोघं जण कोपऱ्यात घेऊन गेले आणि स्वतःच्या सांगितल्या.

हॉटेलातल्या हॉलमध्ये हे होत नाही. का होत नाही? मला वाटतं, कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाने परवाच्या रात्री तो पेशंट स्वतः पाहिलेला असतो. आपण चिठ्ठी लिहून पाठवलेली माणसं त्यांच्याच वॉर्डात पडलेली असतात. आपण इथे काय चुकवतो, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, त्यानंतरच्या चर्चासत्रांत हे मी पाहिलं. तिथे कोणी रसायनांची सूत्रं सांगत बसलं नाही. सांगितलं ते असं: आधी कपडे काढा, साबणाने अंग धुवा, अॅट्रोपिन हा उतारा देताना डोळ्याच्या बाहुलीकडे नका बघू, छाती कोरडी झाली का ते स्टेथोने ऐका, नाडी वाढली म्हणून घाबरून थांबू नका. आणि सगळीच फवारणीची औषधं एका जातीची नसतात, तेव्हा पेशंटबरोबर डबा आणायला सांगा. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तसंच. आपल्या भागात तो घरोघरी सापडतो, आणि हाडं दुखतात म्हणून चारदा आलेल्या पोराला ‘नाटकं करतो’ म्हणणारे आपल्यातलेच असतात. मीही म्हणायचो.

मोठ्या परिषदांबद्दल फार लिहीत नाही. पोस्टर, पेपर हे पीजीच्या, म्हणजे एमबीबीएसनंतर पुढचं शिकणाऱ्या मुलांचं काम. त्यांना ते लागतं, करू द्या. तुम्ही एखाद्या परिषदेला गेलातच तर मुख्य हॉल सोडून बाजूच्या खोलीतल्या कार्यशाळेत जा, जिथे पुतळ्यावर नळी घालायला देतात. वेबिनार मी दोन वर्षं केले. ओपीडी चालू, फोन टेबलावर, आवाज बंद. त्याला शिक्षण म्हणायची मला लाज वाटते.

आणखी एक मार्ग आहे, तो पत्रिकेवर छापलेला नसतो. शिकवणाऱ्या प्रत्येक विभागात पीजींची केस प्रेझेंटेशनं आणि जर्नल क्लब (नव्या शोधनिबंधांवरची चर्चा) ठरलेल्या दिवशी होतातच. पॉइंट मिळत नाहीत, चहाही मिळेलच असं नाही. पण आधी फोन करून विभागप्रमुखांना विचारलंत, ‘सर, मागे बसून ऐकू का?’, तर मला तरी आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. एकदा तर एका मॅडमनी मलाच उभं केलं: हा पेशंट पहिल्यांदा तुमच्यासारख्या दवाखान्यात आला असता तर तुमच्याकडे काय होतं, काय नव्हतं, मुलांना सांगा. समोरच्या पीजींना पल्स ऑक्सिमीटर नसलेली खोली कशी असते हे डोळ्यापुढे आणता येईना. त्या दिवशी मीही थोडं शिकवलं असेन.

जाताना एक केस बरोबर न्या. कागदावर पाच ओळी पुरतात. आणि परत निघण्याआधी त्या विभागातल्या एखाद्या लेक्चररचा नंबर घ्या, तुमचा द्या. रात्री दोन वाजता ‘पाठवू की थांबू’ विचारायला माणूस असणं, कुही किंवा भिवापूरला बसलेल्याला याचं मोल काय सांगायचं. माझ्या फोनमध्ये असे सहा नंबर आहेत, सगळे असेच मिळालेले.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, दवाखाना बंद ठेवला तर पेशंट तुटतील का. रविवारी नाही तुटत. दोन दिवस आधी पाटी लावा, गंभीर असेल तर कुठे जायचं ते खाली लिहा. फक्त बाजाराच्या दिवशी चुकूनही जाऊ नका. त्या दिवशी दूरच्या गावची माणसं भाजी, बियाणं, डॉक्टर सगळं एका फेरीत उरकतात. शटर बंद दिसलं तर पुढच्या आठवड्यापर्यंत दुखणं अंगावर काढतील. मी एकदा गेलो होतो. परत आलो तेव्हा ओट्यावर एक म्हातारा सकाळपासून बसलेला होता, शेवटची एसटी गेल्यावरही.